सन्मानाची चिन्हभाषा: आकान समाजातील कर्तृत्वाचा गौरव

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या दक्षिण व मध्य भागांत आणि शेजारच्या कोत दिव्वारच्या पूर्वेकडील पट्ट्यात राहणाऱ्या, परस्परांशी निकट नाते असलेल्या भाषा बोलणाऱ्या समाजांना एकत्रितपणे ‘आकान’ म्हटले जाते. असांते, फांते, अकिम, अक्वापिम, बोनो, डेंक्यिरा, बाउले हे त्यांतील काही प्रमुख गट होत. यांतील बहुतेक समाजांत कुळ आईकडून चालते. त्यामुळे राजपदाचा वारसाही मुलाकडे जात नाही, तर राजमातेच्या कुळातील पुरुषाकडे, म्हणजे बहुधा भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जातो. ‘अबुसुआ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मातृकुळाचे स्वतःचे प्रतीक असते. ओयोको कुळाचे ससाणा, ब्रेतुओ कुळाचे बिबट्या, असोना कुळाचे कावळा. माणूस जन्माला येतो तोच अशा एखाद्या चिन्हाच्या आश्रयाखाली, आणि पुढे तो जे काही मिळवतो, जिंकतो किंवा उभारतो, त्याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर सहसा मांडला जात नाही. गौरव करण्याची आकान पद्धत या धारणेतून घडली आहे आणि ती समजून घ्यायची तर या समाजाने कापडावर, लाकडावर, पितळेवर आणि सोन्यावर उमटवलेली चिन्हे वाचावी लागतात.

ही चिन्हे नुसती शोभेची नाहीत, कारण त्यांतील बहुतेकांमागे एखादी म्हण उभी असते. म्हणींवर प्रभुत्व असणे हे आकान समाजात शहाणपणाचे लक्षण मानले जाते; सभेत, न्यायनिवाड्यात किंवा लग्नाच्या बोलणीत मुद्दा थेट न मांडता म्हणीच्या आडून मांडणाऱ्याचा मान मोठा असतो. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे योहान गॉटलीब ख्रिस्टालर यांनी १८७९ मध्ये या लोकांच्या त्वी भाषेतील म्हणींचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात तब्बल ३६०० म्हणी आहेत. सोन्याची भुकटी तोलण्यासाठी मेणाच्या साच्यातून ओतलेली पितळेची इवलीशी वजने, राजदंडांच्या टोकांवरील कोरीव आकृत्या, तलवारींच्या मुठी आणि वस्त्रांवरील ठसे या सर्वांतून त्याच म्हणींना दृश्य रूप मिळाले. म्हणून एखाद्याचा चिन्हाने गौरव करणे म्हणजे त्याच्याविषयी सर्वांना ठाऊक असलेले एक वाक्य सर्वांसमोर उच्चारणे होय. पाहणाऱ्याला ते वाक्य आठवले, तरच तो गौरव पुरा होतो.

या चिन्हांपैकी सर्वांत प्रसिद्ध समूह ‘आदिंक्रा’ या नावाने ओळखला जातो. असांतेंची राजधानी कुमासी हिच्या उत्तरेला, माम्पोंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्तोन्सो नावाचे गाव आहे आणि आदिंक्रा वस्त्रांची छपाई हा तेथील पिढीजात व्यवसाय आहे. ‘बादिए’ नावाच्या झाडाची साल पाण्यात भिजवून, कुटून, तासन्‌तास उकळली जाते. जुन्या पद्धतीत तिच्यात लोहकीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ, घातला जात असे. पाणी आटून काळसर, चिकट, चकाकता द्रव उरला की तो छपाईला योग्य होतो. ठसे वाळलेल्या भोपळ्याच्या टणक कवचीतून कोरलेले असतात आणि त्यांना धरण्यासाठी मागे बारीक काड्या जुळवून मूठ बांधलेली असते. ताणून पसरलेल्या कापडावर आधी लाकडी फणीने समांतर रेघा ओढून चौकटी आखल्या जातात व मग प्रत्येक चौकटीत एकेक ठसा हाताने दाबला जातो. पारंपरिक वस्त्र धुण्यासाठी नसते, कारण धुतल्यास शाई उतरते. ते विशेष प्रसंगी नेसायचे आणि जपून ठेवायचे.

आदिंक्राच्या उगमाविषयी सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी की, ग्यामान राज्याचा राजा कोफी आदिंक्रा याने असांतेंच्या सुवर्णासनाची, म्हणजे राष्ट्राचा आत्मा जिच्यात वसतो असे मानतात त्या सोन्याने मढवलेल्या बैठकीची, नक्कल करवून घेतली, त्यामुळे संतापलेल्या असांतेंनी १८१८ च्या युद्धात त्याला ठार केले आणि त्याच्या अंगावरील वस्त्रावरून ही कला आत्मसात केली. तथापि टॉमस एडवर्ड बाउडिच या इंग्रज दूताने कुमासीहून मिळवलेले आदिंक्रा वस्त्र १८१७ मधील आहे, म्हणजे त्या युद्धाच्या आधीचे, आणि ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साहजिकच ही कला असांतेंमध्ये आधीपासून रुजलेली होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. दुसरे एक जुने वस्त्र नेदरलँड्समधील लायडेनच्या संग्रहात असून ते १८२५ मध्ये डच राजा पहिला विल्यम याच्यासाठी तयार करवून घेण्यात आले होते. त्याच्या मध्यभागी डच राजचिन्ह काढलेले आहे. परक्या राजाचा मान करतानाही त्याचे चिन्ह आपल्या चिन्हांच्या सभेत आणून बसवावे, ही कल्पना त्या कारागिरांना किती सहज सुचली, हे त्यावरून दिसते.

मुळात आदिंक्रा वस्त्र शोकप्रसंगाचे होते. गडद तपकिरी, लाल किंवा काळ्या रंगात रंगवलेल्या कापडावर चिन्हे उमटवलेली वस्त्रे अंत्यविधीच्या वेळी नेसली जात आणि आजही नेसली जातात. उजळ रंगांची आदिंक्रा वस्त्रे आनंदाच्या प्रसंगांसाठी वेगळी असतात. सन्मानाचा विचार करताना हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आकान समाजात माणसाच्या आयुष्याचे सर्वांत मोठे जाहीर मूल्यमापन त्याच्या अंत्यविधीच्या वेळी होते. दूरदूरचे नातेवाईक, व्याही, सहकारी, गावचे मुखिया एकत्र येतात, दिवंगताने काय केले हे उघडपणे बोलले जाते आणि शोक करणारे आपल्या अंगावरील चिन्हांतून त्याला निरोप देतात. यश मिळताच घाईने हार घालण्यापेक्षा पूर्ण आयुष्य डोळ्यांसमोर असताना दिलेला हा मान अधिक विचारपूर्वक दिलेला असतो, यात शंका नाही.

शौर्याची चिन्हे या संग्रहात अर्थातच आहेत. परस्परांना छेद देणाऱ्या दोन समारंभीय तलवारींचे ‘अकोफेना’ हे चिन्ह पराक्रम आणि अधिकार यांचे द्योतक आहे. थोर सेनानीलाही शेवटी विश्रांती असते, अशा आशयाची म्हण त्याला जोडलेली आहे. गरुडाच्या नख्यांचे चिन्ह बळ दाखवते. व्यक्तीच्या नावाने ओळखले जाणारे एक चिन्ह मात्र विशेष लक्ष वेधून घेते. ‘क्वाताक्ये आतिको’ म्हणजे क्वाताक्येच्या डोक्याची मागची बाजू; हा जुन्या काळातील असांते सेनानी आणि त्याने राखलेली केसांची खास ठेवण हेच त्याचे चिन्ह झाले. आर. एस. रॅट्रे या मानववंशशास्त्रज्ञाने असांते धर्म आणि कला यांवरील १९२७ च्या ग्रंथात आदिंक्रा ठशांची जी मोठी यादी दिली, तिच्यात हेच चिन्ह ग्यावू या कुमासीच्या सरदाराच्या नावाने येते. दोन परंपरांत नाव बदलले, चरित्राचे तपशील विरळ झाले, पण निर्भयतेचा अर्थ टिकला आणि तो आता कोणाही धीट माणसाच्या वस्त्रावर उमटवता येतो. वीराचा सन्मान इथे त्याच्या पुतळ्याने झालेला नाही. त्याचा गुण सर्वांच्या वापरासाठी खुला करून झाला आहे.

तरीही आकान चिन्हभांडाराचे खरे वैशिष्ट्य शौर्यचिन्हांत सापडत नाही, ते सहकार्याच्या चिन्हांत सापडते. ‘वोफोरो दुआ पा आ’ या चिन्हामागील म्हणीचा भावार्थ असा की, चांगल्या झाडावर चढणाऱ्याला खालून आधार दिला जातो. वरवर पाहता ही चढणाऱ्याची स्तुती वाटते, परंतु तिच्यात तीन गोष्टी एकदम सांगितल्या आहेत: चढणारा स्वतः प्रयत्न करतो आहे, त्याने निवडलेले झाड चांगले आहे, म्हणजे त्याचे उद्दिष्ट समाजाला मान्य होण्याजोगे आहे, आणि खाली उभे राहून त्याला वर ढकलणारे हात आहेत. यांपैकी एक जरी नसेल तरी ते चिन्ह लागू पडत नाही. वाईट हेतूने मिळवलेल्या यशाला या चिन्हात जागा नाही, आणि ज्याने आधार देणाऱ्यांना विसरून केवळ स्वतःची उंची मिरवली त्यालाही नाही. शाळा बांधणाऱ्या गावाचा, शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलीचा किंवा वर्गणीतून उभ्या राहिलेल्या दवाखान्याचा गौरव करायचा असेल, तर याहून नेमके चिन्ह शोधूनही सापडणार नाही.

त्याच्या शेजारी साखळीच्या दोन कड्यांचे ‘न्कोन्सोन्कोन्सोन’ ठेवावे. जिवंत असताना आणि मेल्यानंतरही आपण एकमेकांशी जोडलेले आहोत, असे ते सांगते; पूर्वजांनाही समाजाचे सभासद मानणाऱ्या आकान विचाराचे ते सार आहे. ‘फुन्तुन्फुनेफु’ हे चिन्ह त्याहून कठोर आहे. त्यात दोन मगरींची शरीरे एकमेकांवर आडवी गेलेली असून त्यांना पोट एकच आहे, आणि घास कोणाच्या तोंडात गेला तरी तो एकाच पोटात जाणार हे ठाऊक असूनही त्या घासासाठी भांडतात. एकत्र मिळवलेल्या यशाचे श्रेय वाटून घेताना जी ओढाताण होते, तिच्यावर इतके थेट बोट ठेवणारे चिन्ह सन्मानाच्या वस्त्रावरच असावे, ही या परंपरेची प्रगल्भता म्हटली पाहिजे. कौतुक करतानाच कौतुकातून उद्भवणाऱ्या कलहाची जाणीव करून देण्याचे धैर्य फार थोड्या सन्मानपद्धतींत आढळते.

समोरासमोर आणलेल्या एडक्यांच्या शिंगांपासून तयार झालेले ‘द्वेनिम्मेन’ हे चिन्हही याच जातीचे आहे. एडका झुंजीत आवेशाने टक्कर देतो, पण बळी जाताना शांत राहतो, म्हणून या चिन्हाने सामर्थ्य आणि नम्रता यांचा एकत्र निर्देश होतो. ‘आया’ म्हणजे नेचे, जे कठीण जागीही तग धरून वाढते. ते चिकाटीचे आणि स्वावलंबनाचे चिन्ह आहे. ॲक्रा शहराजवळील लेगॉन येथे असलेल्या घाना विद्यापीठाच्या मानचिन्हात वरच्या भागात उभी तीन नेची आणि खालच्या भागात एडक्याची शिंगे सोनेरी रंगात काढलेली आहेत. ज्ञानाची चिन्हे आकान परंपरेत कमी नाहीत. शहाण्यालाच सोडवता येणारी ‘न्यान्सापो’ ही गाठ त्यांत सर्वपरिचित आहे. असे असताना विद्यापीठाने मानचिन्हात चिकाटी आणि नम्रता यांना स्थान द्यावे, ही निवड बोलकी आहे.

वस्त्राइतकेच महत्त्व काष्ठदंडाला आहे. आकान राजा किंवा मुखिया सभेत लोकांशी सहसा थेट बोलत नाही. त्याचे बोलणे ‘ओक्येआमे’ नावाचा मानकरी सर्वांपर्यंत पोहोचवतो आणि लोकांचे म्हणणे राजाला सादर करतो. या मानकऱ्याच्या हातातील दंडाच्या टोकावर सोन्याचा वर्ख दिलेली कोरीव आकृती असते. मुठीत अंडे धरलेला हात ही त्यांतील सर्वांत गाजलेली आकृती आहे: सत्ता अंड्यासारखी असते, घट्ट आवळली तर फुटते आणि सैल धरली तर पडते. पद मिळणे हा आकान समाजात मोठाच सन्मान आहे, परंतु तो देतानाच सत्ताधाऱ्याच्या नजरेसमोर हा हात कायम धरला जातो, आणि मर्यादा सोडणाऱ्या मुखियाला पदच्युत करण्याचा मार्गही परंपरेने मोकळा ठेवला आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील फांते समाजात ‘असाफो’ नावाची लढवय्या पथके होती. मुलगा वडिलांच्या पथकात दाखल होत असे, त्यामुळे मातृकुळाच्या जोडीला पित्याकडून आलेले हे दुसरे बंधन होते. प्रत्येक पथकाचे रंग आणि आकृत्या ठरलेल्या असत, कापडाचे तुकडे शिवून बनवलेल्या झेंड्यांवर पथकाचे पराक्रम व प्रतिस्पर्ध्यांना दिलेली आव्हाने चितारलेली असत, आणि दुसऱ्या पथकाची आकृती वापरल्यास त्यावरून मारामाऱ्या होत. १९५७ पूर्वीच्या, म्हणजे स्वातंत्र्याआधीच्या, झेंड्यांच्या कोपऱ्यात बहुधा ब्रिटिश निशाण आणि नंतरच्या झेंड्यांवर घानाचे निशाण दिसते.

सन्मान कायमचा असतो का, या प्रश्नाचे उत्तर केंटे वस्त्राच्या इतिहासात मिळते. कुमासीजवळच्या बोनविरे या गावाशी जोडलेले केंटे हे अरुंद मागावर विणलेल्या लांब पट्ट्या एकमेकींना शिवून तयार होते, आणि त्याच्या प्रत्येक वीणप्रकाराला नाव असते. ते नाव एखाद्या कुळाचे, राजाचे, घटनेचे किंवा म्हणीचे असू शकते. देशाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांनी १९५७ च्या अखेरीस इजिप्तच्या फातिया यांच्याशी विवाह केला, तेव्हा एका वीणप्रकाराला ‘फातिया एन्क्रुमांना शोभते’ अशा अर्थाचे नाव मिळाले. हा एका दांपत्याचा आणि त्यांच्याद्वारे आफ्रिकेच्या दोन टोकांच्या मैत्रीचा गौरव होता. पुढे एन्क्रुमांची राजवट एकाधिकाराकडे झुकली, १९६६ मध्ये लष्करी उठावाने ती उलथवली गेली, आणि त्याच वीणप्रकाराला नवे नाव मिळाले: एकटा माणूस राष्ट्र चालवत नाही. धागे तेच, रंग तेच, नक्षी तीच, तरी वस्त्राचा अर्थ समाजाने बदलून टाकला. सन्मान देण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडेच तो मागे घेण्याचाही अधिकार असतो, हे इतक्या शांतपणे क्वचितच कुठे सांगितले गेले असेल. नंतर एन्क्रुमांची प्रतिष्ठा पुष्कळ प्रमाणात पुन्हा प्रस्थापित झाली, आणि वस्त्राची दोन्ही नावे लोकांच्या स्मरणात राहिली.

या सर्व चिन्हांच्या शिखरावर असांतेंचे सुवर्णासन आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई तुतू याने विखुरलेली असांते राज्ये एकत्र केली, १७०१ च्या सुमारास डेंक्यिराचा पराभव केला, आणि त्याचा धर्मगुरू ओकोम्फो अनोक्ये याने आकाशातून एक सोन्याने मढवलेली बैठक उतरवली, अशी परंपरा सांगते. या बैठकीत संपूर्ण राष्ट्राचा आत्मा वसतो असे मानले जाते. म्हणून तिच्यावर कोणीही, अगदी असांते राजाही, बसत नाही. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन याने ती आपल्याला बसण्यासाठी मागितली, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली युद्ध झाले. ती हद्दपारीत सेशेल्स बेटांवर १९२१ मध्ये मरण पावली, पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर हीच चिन्हभाषा संपूर्ण देशाने स्वीकारली, त्यात आकानेतर समाजही होते. गा समाजातील चित्रकार आमोन कोतेई यांनी रेखाटलेल्या आणि ४ मार्च १९५७ रोजी प्रदान झालेल्या राष्ट्रीय मानचिन्हाच्या पहिल्या चौकटीत ओक्येआमेचा दंड आणि समारंभीय तलवार परस्परांना छेदून ठेवलेली आहेत. कोफी अन्तुबाम (१९२२–१९६४) या कलावंताने राष्ट्राध्यक्षांचे आसन व इतर राजवस्तू घडवताना पारंपरिक आकृत्यांचाच आधार घेतला. मुखियांचे मोठे जाहीर मेळावे, ज्यांत छत्रे, तलवारी, दंड आणि वस्त्रे एकत्र पाहायला मिळतात, त्यांना घानात आजही ‘दरबार’ म्हणतात. ब्रिटिशांनी भारतातून तिकडे नेलेला हा शब्द मराठी वाचकाला त्या मंडपात एकदम ओळखीचा वाटेल.

अटलांटिकपलीकडे या चिन्हांना आणखी एक आयुष्य लाभले. मागे वळून पाहणाऱ्या पक्ष्याच्या किंवा आतल्या बाजूला वळलेल्या बदामाकृतीच्या रूपात दाखवले जाणारे ‘सांकोफा’ हे चिन्ह, विसरलेले परत जाऊन घेण्यात काही गैर नाही असे सांगते, आणि गुलामगिरीत नेलेल्यांच्या वंशजांना ते विशेष जवळचे वाटले. न्यूयॉर्कमध्ये १९९१ पासून उत्खनन झालेल्या जुन्या आफ्रिकी दफनभूमीत एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी काढलेली बदामाकृती सापडली, तिचा अर्थ सांकोफा असा लावला गेला आणि तेथील स्मारकावर ते चिन्ह कोरले गेले. काही इतिहासकारांनी त्या अर्थावर आक्षेप घेतला आहे व तो आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु आपल्या अनाम पूर्वजांचा सन्मान करण्यासाठी एका समाजाने हे चिन्ह निवडले, ही घटना स्वतंत्रपणे खरी आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीदान समारंभात केंटेची पट्टी खांद्यांवर घेतात, तेव्हा पदवी एकट्याची नाही, ती घरच्या आणि आधीच्या पिढ्यांचीही आहे, हेच ते सांगत असतात.

प्रसाराबरोबर हानीही आली. यंत्रावर छापलेले नकली केंटे बाहेरच्या देशांतून स्वस्तात येऊ लागल्याने विणकरांच्या उत्पन्नावर घाव पडला. घानाच्या २००५ च्या स्वामित्वहक्क कायद्याने आदिंक्रा आणि केंटेच्या आकृत्यांना लोकपरंपरेचा ठेवा म्हणून संरक्षण दिले आहे आणि त्यांवरील हक्क राष्ट्राध्यक्षांकडे जनतेचे विश्वस्त म्हणून सोपवले आहेत. केंटेच्या विणकामाचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. ज्या संस्था पारितोषिकांवर, स्मृतिचिन्हांवर किंवा शालींवर ही चिन्हे वापरू इच्छितात, त्यांनी आकृती सुंदर दिसते म्हणून ती उचलू नये. तिच्यामागची म्हण आधी जाणून घ्यावी, ती गौरवमूर्तीला खरोखर लागू पडते का हे पाहावे आणि शक्य तेथे वस्त्र न्तोन्सो किंवा बोनविरेच्या कारागिरांकडूनच घ्यावे.

खुद्द असांतेंच्या सन्मानवस्तूंचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. १८७४ मध्ये ब्रिटिश सैन्याने कुमासी जाळली व राजवाडा लुटला, आणि राजाच्या आत्मशुद्धीचे विधी करणाऱ्या सेवकांची सुवर्णपदके, तलवारी व इतर राजचिन्हे लंडनला जाऊन विकली गेली. असांते राजे ओतुम्फुओ ओसेई तुतू द्वितीय यांच्या कारकिर्दीला २०२४ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १७ आणि ब्रिटिश म्युझियमने १५ वस्तू कुमासीच्या मनहिया राजवाड्यातील संग्रहालयाला दिल्या, मात्र केवळ मुदतीच्या उसनवारीवर. लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडील सात वस्तू कायमच्या परत केल्या, आणि न्याय्य मार्ग तोच आहे.